दोरी कापू नकोस

पाइन क्रॉसिंग, मिशिगन
८ सप्टेंबर

प्रिय रूडी,

हे पत्र मेलबोटीच्या पत्त्यावर टाकतेय. तुमचं जहाज डेट्रॉइटवरून कधी जातं ते तुलाच माहीत. आमचा फोन ऑगस्टपासून बंद आहे. बिघडला नाही, आम्हीच काढून टाकला. कागद गिरणीला कुलूप लागून दीड वर्ष झालं आणि सॉ मिलमध्ये ड्वेनला आठवड्यातले तीनच दिवस काम मिळतं. मोबाइल लागायचा तर पाण्याच्या टाकीच्या टेकडीवर चढून उभं राहावं लागतं. एका परीने बरंच झालं. मला जे सांगायचंय ते फोनवर सांगताच आलं नसतं. घर केवढंसं, आणि ड्वेनचे कान हरणाचे.

रूडी, मला भीती वाटते आहे.

त्याचं शिकारीचं, टोकांना चाकं असलेलं धनुष्य तुला आठवत असेल. आमच्या लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला घेतलेलं. त्याच्या वरच्या पात्याला, ओढताना वाकतं त्या भागाला, चीर गेली आहे, केसाएवढी. डोळ्यांना धड दिसत नाही, पण कापसाचा बोळा फिरवला की तिथे तंतू अडकतात. मी तो बाहेर असताना फिरवून पाहिला. ड्वेनने त्यात गोंद भरून, शिकंज्यात दाबून, वर दोरा गुंडाळला आहे. मला म्हणाला, झालं, आता नव्यासारखं.

त्याआधी तो ते घेऊन हायवेवरच्या नव्या दुकानात गेला होता. मीही होते बरोबर. आत कॉफी मिळते, भिंतीवर टीव्ही आहे. काउंटरवरच्या माणसाने धनुष्य बघितलं आणि हातसुद्धा लावला नाही. कंपनी आता याची पातीही बनवत नाही आणि दोरीही, म्हणाला. मग नवी दाखवली. एकेकाची किंमत म्हणजे आमचे घराचे दोन महिन्यांचे हप्ते, आणि ते नुसतं धनुष्य. बाण वेगळे, बाणांची टोकं वेगळी, नेम धरायचं यंत्र वेगळं. ड्वेनने एक हातात घेतलं, तोललं, परत ठेवलं. तो माणूस वाईट नव्हता. समजावणीच्या सुरात म्हणाला, "काका, खरं सांगू का, हा खेळ आता पहिल्यासारखा राहिला नाही. आमची गिऱ्हाइकं बहुतेक शहरातून येतात."

खेळ. 

आमचा फ्रीजर रिकामा आहे हे त्या माणसाला कुठून माहीत असणार? रायफल ड्वेनने गिरणी बंद झाली त्याच हिवाळ्यात विकली. धनुष्य उरलं, कारण त्याला कुणी काही देत नव्हतं.

रोज संध्याकाळी जेवणाआधी तो शेडमध्ये जाऊन ते ओढतो. ओढताना ते पातं कुरकुरतं. बर्फावर पाय पडावा तसा आवाज. मी स्वयंपाकघरात हातातलं ताट हातातच धरून उभी राहते. दोरी सुटल्याचा आवाज आला की ताट खाली ठेवते. धनुष्य पूर्ण ओढलेलं असताना ते पातं तुटलं तर त्याचा तुकडा कुठे जाईल? ड्वेनचा गाल तिथेच टेकलेला असतो. डोळा तिथेच असतो.

आणि बर्निसच्या नवऱ्याला, लायल किन्नुनेनला, जाऊन अजून वर्ष झालेलं नाही. त्याच्या शिकारीच्या मचाणाचे पट्टे कुजले होते आणि तो झाडावरून पडला. नवे घ्यायचे तो तीन वर्षं पुढे ढकलत होता. अंत्यविधीला कॉफी मीच केली होती.

धनुष्याने हरणं मारायचा हंगाम एक ऑक्टोबरला सुरू होतो. तू ड्वेनला लिही. तुझं ऐकेल तो. माझं ऐकणं म्हणजे घाबरणं असं त्याला वाटतं.

तुझी,
वर्ना


ह्यूरन सरोवर
१९ सप्टेंबर

प्रिय वर्ना,

मेलबोटीने बादलीतून तुझं पत्र वर दिलं तेव्हा मी जहाजाच्या भटारखान्यात पोळलेल्या बोटांनी बटाटे सोलत होतो. म्हणून या कागदावर डाग आहेत. वाईट वाटून घेऊ नकोस.

तू अगदी आईवर गेली आहेस. बाबा रानात निघाले की ती चुलीपाशी उभी राहून ओठ हलवत असायची, आणि ते परत आले की त्यांच्या बुटांवरून भांडायची. बाबा शेवटी अंथरुणात गेले, म्हातारे होऊन.

अगं, ड्वेनने आयुष्यभर गिरणीतली यंत्रं दुरुस्त केली. एका चिरेत गोंद कसा भरायचा ते त्याला कळत नसेल तर कुणाला कळेल? मला धनुष्यातलं काही समजत नाही, मी अठराव्या वर्षी बोटीवर आलो तो इथेच. पण आमच्याकडे हॉलिस म्हणून तिसरा इंजिनियर आहे. त्याला या गोष्टींचं वेड आहे. दरवर्षी नवं धनुष्य घेतो, आणि जेवताना त्याची किंमत सांगतो. इंजिनाला तेल घालणारा एकदा वैतागून म्हणाला, "हॉलिस, एवढ्या पैशात हरीणच माझ्या घरी चालत आलं असतं आणि भांडीही घासून गेलं असतं."

मी ड्वेनला काही लिहिणार नाही. गिरणी गेली, रायफल गेली. आता धनुष्यावरून मेव्हण्याने शहाणपण शिकवायचं? मला नाही जमणार. पैसे पाठवले तर परत येतात, ते मागच्या ख्रिसमसला बघितलं. त्याला रानात जाऊ दे. घरात बसला तर तुलाच जड जाईल.

पास्टीच्या सारणात मांसाबरोबर सलगम घालतेस ना अजून? इथे घातलं तर अर्धं जहाज नाक मुरडतं.

तुझा,
रूडी


पाइन क्रॉसिंग
५ ऑक्टोबर

प्रिय रूडी,

तुझं पत्र वाचून हसू आलं असतं, जर मी ते शेडमध्ये जाऊन आल्यावर वाचलं नसतं.

हंगाम सुरू झाल्यापासून ड्वेन कामाचा दिवस नसला की उजाडायच्या आत निघतो आणि दुपारी परततो. हात रिकामे. काही दिसलं का, विचारलं तर म्हणतो, लांब होतं. शेडमधून आताशा आवाज येत नाही. म्हणजे सरावही तो रानातच करत असणार, मला ऐकू येऊ नये म्हणून. तो आवाज येत होता तेव्हा निदान मला कळत तरी होतं की या वेळेपर्यंत धनुष्य शाबूत आहे.

शनिवारी ड्वेन रानातून परत आल्यावर मी रंगाचा डबा शोधायला शेडमध्ये गेले. मागच्या भिंतीला ताडपत्रीखाली काहीतरी उभं होतं. ताडपत्री उचलली. मचाण होतं, झाडाला बांधून चढायचं. बैठकीच्या कडेला हिरवा रंग लावलेला. तो रंग मी ओळखते, रूडी. लायलने आपल्या होडीला लावला होता तोच. उरलेला डबा त्याने मचाणाला लावला. मी तिथे तशीच खाली बसले. पट्टे अजून त्यालाच लोंबत होते. एक मधोमध तुटलेला.

मी थेट बर्निसकडे गेले. लायलचे कपडे आणि सामान तिने चर्चच्या तळघरातल्या विक्रीला दिलं होतं, एवढं मला माहीत होतं. ती दारातच उभी राहिली, मला आत ये म्हणाली नाही. म्हणाली, "ड्वेन स्वतः त्या विक्रीला आला होता. मला म्हणाला, हे कुणाला देऊ नकोस, मी नेतो. मी त्याला विचारलं, तुला याची भीती नाही वाटत? तर पैसे टेबलावर ठेवून निघून गेला."

 माझा राग आला होता तिला. आणि का येऊ नये? तिचा नवरा ज्यावरून पडला ते माझ्या नवऱ्याने स्वस्तात उचलून आणलं.

घरी येऊन मी ड्वेनला काहीच बोलले नाही. बोलायला तोंड उघडलं की वाटतं, मी म्हणेन आणि तो ऐकणार नाही, आणि मग उरलेली आशाही जाईल. रात्री तो माझ्या शेजारी गाढ झोपतो. मी त्याच्या बरगड्यांवर हात ठेवून पडते. वर उठतात, खाली जातात.

फुटकं धनुष्य आणि मेलेल्या माणसाचं मचाण घेऊन माझा नवरा रोज अंधारात रानात जातो, आणि तू मला सलगमाचं विचारतोस.

वर्ना


डेट्रॉइटच्या अलीकडे
१२ ऑक्टोबर

प्रिय वर्ना,

मला माफ कर. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिलं पत्रही परत काढून वाचलं. त्यात हेच सगळं लिहिलेलं होतं आणि मी त्यावर विनोद केले.

आता घाईत लिहितोय. थोड्या वेळात मेलबोट येईल आणि हे तिच्या बादलीत गेलं पाहिजे.

बोलून काही होणार नाही. ड्वेन ऐकणार नाही आणि तू म्हणतेस ते खरं आहे, एकदा नाही म्हणाला की मग दारच बंद. तेव्हा बोलूच नकोस. तो कामावर गेला की शेडमध्ये जा आणि धनुष्याची दोरी काप. माशाची सुरी घे, ती धारदार असते. नवी दोरी मिळत नाही असं दुकानदारच म्हणाला ना? मग झालं तर. दोरी नसली की त्या धनुष्याला अर्थ नाही, आणि धनुष्य नसलं की मचाणावर चढायचं कारण नाही. तो चिडेल, ओरडेल, आठवडाभर बोलणार नाही. पण जिवंत तरी असेल.

लहानपणी बाबांच्या लाकडी धनुष्याची दोरी मी पतंगाला हवी म्हणून कापली होती, आठवतं? काही झालं नव्हतं. चार फटके बसले, एवढंच.

उशीर करू नकोस.

तुझा,
रूडी


सू लॉक्स
१४ ऑक्टोबर

वर्ना,

दोरी कापू नकोस.

मागचं पत्र मिळालं असेल तर त्यात लिहिलंय ते करू नकोस. धनुष्याला हातही लावू नकोस. शेडमध्ये जाऊ नकोस.

काल रात्रीच्या जेवणाला मी हॉलिसला सहज सांगितलं की बहिणीला असं असं सुचवलंय. त्याने चमचा ताटात टाकला. मला म्हणाला, "तुझ्या बाबांच्या धनुष्याची दोरी सैल करून ठेवलेली असणार, भिंतीला टेकवून. हे तसं नसतं. चाकांचं धनुष्य कधीच सैल नसतं. नुसतं खिळ्याला टांगलेलं असलं तरी दोरीवर सगळा ताण असतो. ती कापली तर पाती उसळतात. आणि त्यातलं एक आधीच चिरलेलं आहे म्हणतोस?" मग जेवण टाकून उठला आणि कॅप्टनकडे गेला माझ्यासाठी फोन मागायला. सरोवराच्या मधोमध काही लागला नाही.

इथे लॉकमध्ये, म्हणजे पाणी भरून जहाज वरच्या सरोवराच्या पातळीला उचलतात त्या हौदात, शिरल्या शिरल्या मी बर्निसचा नंबर लावला, गावातला तोच एक पाठ होता. वाजत राहिला. परत लावला. परत. आता पाणी वर चढतंय आणि आम्ही बाहेर पडू. हे पत्र किनाऱ्यावरच्या दोर पकडणाऱ्या माणसाच्या हातात देतोय, तो आजच टाकतो म्हणाला. पहिलं पत्र डेट्रॉइटहून निघून दोन दिवस झाले. कुठलं आधी पोचेल ते मला कळत नाही. टपालाला उशीर व्हावा म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा प्रार्थना करतोय.

दोरी कापू नकोस, वर्ना.

रूडी


पाइन क्रॉसिंग
१९ ऑक्टोबर

प्रिय रूडी,

मी ठीक आहे. ड्वेनही ठीक आहे. हे आधी वाच आणि मग खुर्चीवर बसून पुढचं वाच.

तुझं पहिलं पत्र गुरुवारी आलं. दुसरं शुक्रवारी.

गुरुवारी ड्वेन कामावर होता. पाऊस पडत होता. मी पत्र वाचलं, घडी करून एप्रनच्या खिशात ठेवलं आणि माशाची सुरी घेऊन शेडमध्ये गेले. खोटं कशाला सांगू, मला हलकं वाटत होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला काहीतरी करता येणार होतं.

धनुष्य खिळ्याला टांगलेलं होतं. मी दोरीखाली डाव्या हाताची दोन बोटं घातली आणि सुरी लावली. मला वाटलं होतं एका फटक्यात तुटेल. तशी ती तुटत नाही. ती खूप बारीक धाग्यांची पिळलेली असते, आणि एकेक धागा तुटताना टिक करून आवाज येतो. एक तुटला. मग दोन. प्रत्येक धाग्यागणिक बोटांना कळत होतं की उरलेले धागे जास्त ताठ होताहेत. मी तोंड अगदी जवळ नेलं होतं, आत उजेड कमी म्हणून.

मागे दार वाजलं. ड्वेन. पावसामुळे त्यांनी सगळ्यांना लवकर सोडलं होतं.

तो ओरडेल असं मला वाटलं. तो ओरडला नाही. इतक्या हळू बोलला की पत्र्यावरच्या पावसात मला जेमतेम ऐकू आलं. "वर्ना. सुरी ओढू नकोस. दाबूही नकोस. नुसती दोरीपासून लांब घे."

मी वळून बघितलं. त्याने दोन्ही तळवे पुढे धरले होते, बावरलेल्या घोड्याला धरतात तसे. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. या माणसाबरोबर मी सव्वीस वर्षं राहिले, कागदाच्या रोलरमध्ये त्याचं बोट गेलं तेव्हा मी त्याच्याबरोबर होते, पण हा चेहरा मी कधी बघितला नव्हता. तो चेहरा बघून मला पहिल्यांदा कळलं की माझ्या हातात काय आहे.

"आता बोटं काढ," तो म्हणाला. "हळू. तुला घाई नाहीये. माझ्याकडे बघ आणि बोटं काढ."

बोटं निघेनात. म्हणजे अडकली नव्हती, रूडी. ती माझं ऐकत नव्हती. तो बोलत राहिला, काय बोलला ते आठवत नाही, दुपारच्या सूपबद्दल काहीतरी. मग बोटं सुटली. मी दोन पावलं मागे आले आणि त्याने माझा दंड धरून मला असं बाहेर ओढलं की माझी चप्पल आतच राहिली. दार लावून घेतलं. आम्ही ट्रकच्या मागे जाऊन खाली बसलो, चिखलात, भर पावसात.

मी म्हटलं, आता काय? तो म्हणाला, आता काही नाही. ते यंत्रात धरून सैल करावं लागतं आणि तसलं यंत्र फक्त दुकानात असतं. ते धनुष्य हातात घेऊन गाडीत ठेवायला मी जाणार नाही आणि तुलाही जाऊ देणार नाही.

आम्ही बसून राहिलो. किती वेळ ते माहीत नाही. मला थंडी वाजायला लागली आणि मी म्हणणार होते की आपण उगाच घाबरतोय, तेवढ्यात आत ते सुटलं. बंदुकीसारखा आवाज झाला. समोरच्या पत्र्यातून काहीतरी बाहेर आलं आणि कुंपणापलीकडे गेलं. तू शेड बघितली आहेस. पत्रा दोन बोटं फाटला आहे, बाहेरच्या बाजूला उमललेला. माझ्या गळ्याएवढ्या उंचीवर.

मग ड्वेनला कापरं भरलं. मला नाही, त्याला.  मी त्याला धरून घरात आणलं, चुलीपाशी बसवलं, आणि तुझं पत्र खिशातून काढून त्याच्यापुढे ठेवलं. लपवायला आता काही उरलंच नव्हतं. त्याने ते वाचलं. तुझ्यावर चिडला नाही. कागदाची घडी घालून मला परत दिला आणि म्हणाला, "मी ते ओढतच नव्हतो, वर्ना."

मी म्हटलं, म्हणजे?

"सप्टेंबरातच गोंद सुटला. तेव्हापासून एकदाही ओढलं नाही. भीती वाटते मला."

"मग रोज पहाटे जातोस ते?"

"बसतो."

"त्या मचाणावर?"

"खाली. झाडाच्या बुंध्याशी. धनुष्य मांडीवर घेऊन."

लायलचं मचाण त्याने चढायला आणलंच नव्हतं. चर्चच्या तळघरात ते किमतीची चिठ्ठी लावून ठेवलं होतं. एक माणूस पट्ट्यांकडे न बघताच उचलायला लागला होता. नवं परवडत नाही म्हणाला. ड्वेनने त्याला बाजूला केलं आणि बर्निसला जास्त पैसे दिले. तोडून टाकणार होता, पण हात होत नव्हता. बर्निसला कारण सांगायचं तर लायलचं नाव काढावं लागलं असतं, म्हणून सांगितलं नाही. मला का नाही सांगितलंस, विचारलं. तर म्हणाला, "या घरात एकच गोष्ट मी अशी आणायचो जी विकत घ्यावी लागत नव्हती. ती आता आणता येत नाही हे तुला कसं सांगू? तू शेजारणीला सांगत होतीस, आमचं मांसाचं काही अडत नाही म्हणून."

मी खरंच सांगत होते तसं. त्याला बरं वाटावं म्हणून.

म्हणजे बघ, तो रोज अंधारात उठून, बूट घालून, एका झाडाखाली जाऊन घाबरत बसायचा, आणि मी इथे. एकाच घरात राहून आम्ही दोघांनी वेगवेगळं घाबरून घेतलं.

  

तुझी,
वर्ना


सुपीरियर सरोवर
२७ ऑक्टोबर

प्रिय वर्ना,

खुर्चीवर बस असं लिहिलं होतंस. मी बसलो नाही. अर्ध्यावर आलो तेव्हा भटारखान्याच्या जमिनीवरच बसावं लागलं. रस्सा जळला. कुणी काही बोललं नाही, कारण हॉलिसने सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की मी कशाची वाट बघतोय.

तुझं पत्र येईपर्यंत मी रोज तुला वेगवेगळ्या प्रकारे मरताना बघितलं. मी लिहिलेल्या शब्दांनी. "माशाची सुरी घे, ती धारदार असते." हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. मला काही येत नव्हतं, आणि मी किती खात्रीने लिहिलं.

हॉलिसने एक सांगायला सांगितलंय. त्याच्याकडे दोन वर्षांपूर्वीचं धनुष्य कपाटात पडून आहे, चांगलं आहे. ते तो ड्वेनला देतो म्हणतो. फुकट. मी त्याला म्हटलं, ड्वेन घेणार नाही. तर म्हणाला, मग मला ते विकायला लाज वाटते असं सांग त्याला. हॉलिसला मी आजवर बढाईखोर समजत होतो.

ड्वेन माझ्याशी बोलेल का ते विचार.

तुझा,
रूडी


पाइन क्रॉसिंग
१८ नोव्हेंबर

रूडी,

वर्ना म्हणाली तूच लिही, म्हणून मी लिहितोय. मी शेवटचं पत्र बहुतेक शाळेत लिहिलं. अक्षर लागेल तसं वाच.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. बोलतोय, बघ. तुझा सल्ला गाढवासारखा होता. पण माझ्या बायकोला कुणालातरी विचारावं लागलं ते मी गप्प बसलो म्हणून. तेव्हा यावर आता पुरे.

लायलचं मचाण तोडलं. बर्निस स्वतः आली होती, तिला सगळं सांगितलं. लोखंड कापायची करवत मी धरली आणि तिने दुसरं टोक पायाने दाबून धरलं. मध्ये एकदा थांबवून तिने तो हिरव्या रंगाचा तुकडा मागून घेतला. मग म्हणाली, चालू दे. नंतर तिघांनी कॉफी घेतली. तिचं आणि वर्नाचं बोलणं परत सुरू झालंय. आता थांबत नाही.

फ्रीजर रिकामाच आहे. बर्निसच्या जावयाने हरणाचा एक पुढचा पाय आणून दिला, तेवढा आहे. वर्नाला शाळेच्या स्वयंपाकघरात सकाळचं काम मिळालंय. मी आवाज न करता उठायला शिकलो होतो, आता तीच माझ्याआधी उठते.

हॉलिसला सांग, धनुष्य पाठवू नकोस. आणि पाठवलंच तर दोरी नवी घालून पाठव. जुन्या दोऱ्यांशी या घराचं जमत नाही.

एक गोष्ट तुला सांगायची होती. बंदुकीचा हंगाम सुरू व्हायच्या आदल्या रविवारी वर्ना म्हणाली, तू कुठे बसायचास ते मला दाखव. इतक्या वर्षांत ती माझ्याबरोबर रानात कधी आली नव्हती. आम्ही गेलो. हातात काही नव्हतं, एक थर्मास फक्त. बुंध्याशी बसलो. तिने माझी बाही धरून ठेवली होती, आणि लायल कुठल्या झाडावरून पडला ते विचारलं नाही. मीही बोट दाखवलं नाही.

उजाडल्यावर हरणाची एक मादी आली. सबंध हंगाम मला शेपूट दिसलं नव्हतं, आणि ही आमच्यापासून या टेबलाच्या दुसऱ्या टोकाएवढ्या अंतरावर उभी राहून पानं हुंगायला लागली. माझा हात आपोआप वर गेला. सवय. हातात काही नाही. मादीने मान वर करून आमच्याकडे बघितलं आणि परत खायला लागली. मी वर्नाच्या कानात म्हटलं, "दुकानातला भाव हिलाही कळलेला दिसतोय." वर्नाने तोंडावर हात दाबला. हसत होती की रडत होती ते मला सांगता येणार नाही. पण ती मादी जाईपर्यंत दोघंही हललो नाही. 

आता इथलं. काल रात्रीपासून रेडिओवर सुपीरियरच्या वाऱ्याचं सांगताहेत. लाटा किती उंच ते सांगितलं तेव्हा वर्नाने उठून आवाज बंद केला, मग परत लावला. मी हे लिहितोय आणि ती खिडकीशी उभी आहे. इथून सरोवर दिसत नाही, हे तुलाही माहीत आहे. तरी उभी आहे. हातात ताट आहे, खाली ठेवत नाही. तुमचं जहाज कुठे असेल ते तिने मला दोनदा विचारलं. मला काय माहीत?

मी तिला म्हटलं, रूडी आपल्या सगळ्यांत भित्रा. त्याने सकाळपासूनच लाइफजॅकेट घातलं असेल आणि त्यावरूनच एप्रन बांधला असेल.

तेवढं घाल.

ड्वेन